तापीकाठच्या चिलापीपासून चवीची पूड : जानेवारी ते ऑगस्ट २०२४

अजिनोमोटोऐवजी रश्शात, डाळीत, सूपमध्ये घालता येईल अशी मासळीची पूड करायला आमच्या पाच जणींच्या बचत गटाला आठ महिने लागले. त्यातले निम्मे शिकण्यात गेले आणि उरलेले कागदपत्रांत. गाव हतनूर धरणाच्या फुगवट्याकाठी आहे. मासळी दारात येते, पण ती समुद्राची नव्हे, गोड्या पाण्याची. सुक्या मासळीबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक कोकण किनाऱ्याचं असतं आणि ते इथे जसंच्या तसं चालत नाही. म्हणून हे तारीखवार लिहून ठेवते आहे.

आधी एक गोष्ट साफ. अजिनोमोटो, म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट (एमएसजी), हे विष नाही. त्याला परवानगी आहे. आमचं म्हणणं एवढंच, की तीच चव मासळीत, टोमॅटोत, सुकवलेल्या अळिंबीत (मशरूममध्ये) आधीपासून आहे आणि तिच्यासोबत प्रथिनं व खरा स्वादही येतो. किमतीत मात्र बरोबरी होणार नाही. अजिनोमोटो खूप स्वस्त पडतं. हे मान्य करूनच कामाला लागावं.

जानेवारी : पहिले दोन घाणे वाया

१२ जानेवारीला १० किलो रोहू घेतला, १५० रुपये किलोने. तुकडे केले, मीठ चोळलं आणि गच्चीवर उन्हात टाकले. थंडीचं कोवळं ऊन, पाच दिवस लागले. पूड झाली, पण तीन आठवड्यांत डबा उघडला तर जुन्या तेलासारखा खवट वास. मोठ्या रोहूच्या पोटाकडे चरबी असते. ती हवेशी आणि उन्हाशी संयोग पावून खवट होते आणि मीठ तिला थांबवू शकत नाही. पुडीत तर प्रत्येक कणाला हवा लागते, म्हणून अख्ख्या सुक्या तुकड्यापेक्षा पूड लवकर बिघडते. धडा हा, की पुडीला चरबी कमी असलेली मासळीच घ्यावी.

दुसरा घाणा २२ जानेवारीला, चिलापीचा. तिलापियाला बाजारात चिलापी म्हणतात. १०० ते १५० ग्रॅमची बारकी चिलापी जाळ्यात भरपूर येते आणि तेव्हा ५० रुपये किलोने मिळायची, कारण काट्यांमुळे तिला गिऱ्हाईक नसतं. चरबी कमी, मांस पांढरं. पण ती सकाळी सहाला पाण्यातून निघालेली आणि आम्ही साफ करायला बसलो दुपारी बाराला, तेही बर्फाशिवाय. शिवाय साफ करताना काही मासळीच्या पित्ताच्या पिशव्या फुटल्या. पूड कडू झाली. वाळताना माश्या बसल्या, दोन दिवसांत अळ्या पडल्या. सगळं टाकलं.

कडवटपणाचं खापर आम्ही आधी पित्तावरच फोडलं. ते अर्धंच खरं होतं. मासा मेल्यावर त्याच्या स्नायूंतला ऊर्जेचा साठा पायरीपायरीने मोडत जातो. मधल्या एका पायरीवर इनोसिनेट नावाचं द्रव्य तयार होतं. मासळीच्या रश्शाला जी भरलेली, जिभेवर रेंगाळणारी चव येते ती मुख्यतः त्याची. जपानमध्ये शिंतारो कोदामा यांनी १९१३ मध्ये सुकवलेल्या बोनिटो माशातून ते वेगळं काढलं. पण मोडतोड तिथेच थांबत नाही. इनोसिनेट पुढे मोडून हायपोझँथिन होतं आणि ते कडू लागतं. उष्णतेत हे फार भराभर घडतं. म्हणजे चव मासा स्वतःच तयार करतो आणि स्वतःच घालवतो, आपल्या हातात फक्त तिला मधल्या पायरीवर थांबवणं आहे. ते काम उकळतं पाणी करतं. ही मोडतोड घडवणारी विकरं (एन्झाइम) उष्णतेने निकामी होतात. आपल्याकडे वाळवण म्हटलं की सगळं लक्ष उन्हाकडे जातं. या पुडीत ऊन दुसऱ्या नंबरचं, पहिला नंबर पाण्यातून निघाल्यापासून पातेल्यात जाईपर्यंतच्या वेळेचा.

फेब्रुवारी-मार्च : उकळणं जमलं

तेव्हापासून नियम केला. बर्फ नसेल तर तीन तासांत मासळी पातेल्यात गेली पाहिजे. उन्हाळ्यात जाळ्यावरच बर्फाची पेटी पाठवायची, मासळी आणि बर्फ वजनाने निम्मे-निम्मे. बर्फात असली तरी त्याच दिवशी उकळायची, उद्यावर टाकायची नाही.

४ फेब्रुवारीच्या घाण्यापासून चालत आलेली रीत अशी. खवले काढून डोकं, कल्ले, पर आणि आतडी काढायची. पोटातली काळी पातळ त्वचा बोटाने खरवडून काढायची, तिच्यामुळे पूड काळपट होते. मग १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम चिंच कोळून त्यात मासळी १५ मिनिटं ठेवायची. गोड्या पाण्यातल्या मासळीला जो मातकट वास येतो तो जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. पाण्यातले काही शेवाळी जिवाणू ते तयार करतात आणि ते मासळीत उतरतं. आंबट पाण्यात ते मोडतं. नुसत्या हळदीने हा वास जात नाही, आम्ही दोन घाणे नुसती हळद लावून पाहिलं. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की पाणी गढूळ होतं, तेव्हा चिंच दीडपट घ्यावी.

मग पुन्हा एकदा धुऊन उकळणं. १० लिटर पाण्याला ३०० ग्रॅम मीठ, खळखळ उकळी आल्यावर एकावेळी ३ किलो मासळी. जास्त टाकली की उकळी बसते आणि तेवढा वेळ मासळी कोमट पाण्यात राहते, जे आपल्याला नको आहे. पुन्हा उकळी आल्यापासून ८ मिनिटं. पाठीजवळचं मांस काट्यापासून सहज सुटलं की झालं. वर येणारा फेस काढत राहायचा.

इथे आमची मोठी चूक झाली. पहिले तीन घाणे ते पाणी मोरीत ओतलं. पूड फिकी लागायची आणि कळेना का. इनोसिनेट आणि ग्लुटामेट दोन्ही पाण्यात विरघळतात, अर्धी चव आम्ही स्वतःच ओतून देत होतो. यावर दोन उपाय आहेत. एक, उकळण्याऐवजी मोदकपात्रात किंवा इडलीपात्रात १५ मिनिटं वाफवणं. चव जास्त राहते, पण घाणा लहान होतो. दुसरा आम्ही धरला. तेच पाणी दिवसभरातल्या सगळ्या मासळीला वापरायचं, शेवटी गाळून मंद आचेवर दीड लिटरवर आटवायचं आणि टोमॅटोच्या गरात मिसळून तो गर वाळवायचा. मीठ या पाण्यात साठत जातं, म्हणून मिश्रणात वरून मीठ घालताना आधी चाखून बघावं.

टोमॅटो केवळ भर म्हणून नाही. ग्लुटामेट आणि इनोसिनेट एकत्र आले की चव दोघांच्या बेरजेपेक्षा कितीतरी पटीने वाढते. टोमॅटोत ग्लुटामेट आहे, मासळीत इनोसिनेट आणि सुकवलेल्या अळिंबीत याच जातीचं तिसरं द्रव्य, ग्वानिलेट. नुसती मासळीची पूड डाळीत घातली तर डाळीला मासळीचा वास येतो. टोमॅटो जोडीला असला की पूड निम्मी लागते आणि मासळी ओळखू येत नाही. मार्चमध्ये आमच्या बाजारात टोमॅटो ८ रुपये किलोने मिळाले. तेव्हाच वर्षाचा साठा करून घ्यावा. १ किलो टोमॅटोची ५० ग्रॅमच्या आसपास पूड पडते.

एप्रिल-मे : ऊन जास्त झालं तर

खानदेशचा उन्हाळा म्हणजे वाळवणाची चांदी. पापड, कुरडया, ज्वारीचे बिबडे ज्या उन्हात कडकडीत होतात त्यात मासळी का नाही, असंच वाटलं होतं. २० एप्रिलला पारा ४३ वर असताना अख्खी उकडलेली चिलापी जाळीवर टाकली. संध्याकाळी वरून लाकडासारखी टणक, तोडली तर आत ओली. वरचा थर फार लवकर सुकला की तो कवचासारखा होतो आणि आतलं पाणी कोंडतं. अशी मासळी दळली की दोन दिवसांत पुडीच्या गाठी होतात आणि आठवड्यात बुरशी.

त्यावर इलाज सोपा निघाला. उकडून गार झाल्यावर लगेच मांस हाताने सोडवायचं, काटे आणि कातडी बाजूला करायची, मांसाचे पातळ लच्छे करायचे. पहिले दोन तास सावलीत, वाऱ्यावर. मग वाळवणी पेटीत. रात्री सगळे लच्छे एका बंद डब्यात एकत्र ठेवायचे, म्हणजे आतलं पाणी बाहेरच्या थरात येऊन सारखं होतं. सकाळी पुन्हा पेटीत. एप्रिलमध्ये दीड दिवस पुरतो.

वाळवणी पेटी गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतली. लोखंडी पाइपचा सांगाडा, २०० मायक्रॉनचा पारदर्शक, ऊन सोसणारा यूव्ही प्लास्टिक कागद, तळाला काळा रंग दिलेला पत्रा, खाली व वर हवेच्या खिडक्या आणि त्यांना बारीक नायलॉन जाळी. खर्च १८,५०० रुपये, वेळ तीन आठवडे. पेटी जमिनीपासून तीन फूट उंच हवी. आत स्वयंपाकाचा थर्मामीटर लटकवून ठेवावा. दुपारी दोन वाजता आत ७० अंशांच्या वर जातं, तेव्हा वरच्या खिडक्या पूर्ण उघडून ५५ ते ६० वर आणायचं. माशी आत येता कामा नये. माशी हाकलण्यासाठी मासळीवर कसलंही औषध फवारू नका, कोणी कितीही सांगो.

पुरेसं वाळलं का, हे बघायला दोन कसोट्या आहेत. लच्छे गार करून काचेच्या बरणीत घट्ट झाकून रात्रभर ठेवायचे. सकाळी काचेवर आतून धुकं दिसलं तर परत पेटीत. दुसरी काट्यावरची. ५० ग्रॅम मोजून पुन्हा दोन तास पेटीत ठेवायचे, वजन १ ग्रॅमपेक्षा जास्त उतरलं तर अजून कच्चं आहे.

१० किलो चिलापीतून साफ केल्यावर साडेपाच-पावणेसहा किलो उरते आणि काटे काढून वाळवल्यावर साधारण १ किलो पूड मिळते. बोटभर लांबीची बारकी मासळी काट्यासकट वापरली तर १० किलोतून पावणेदोन किलोपर्यंत पडते आणि कॅल्शियमही मिळतं, पण पूड जिभेला खरखरीत लागते. ती दोनदा दळून ६० मेशच्या (इंचात ६० छिद्रांच्या) चाळणीतून गाळावी लागते.

समुद्राचा बांगडा घेऊन करा, असा सल्ला अनेकांनी दिला. आम्ही घेतला नाही. बांगडा, तारली, टुना या जातींच्या मासळीत बर्फ तुटला की हिस्टामिन तयार होतं. ते उकळून जात नाही, वाळवून जात नाही, आणि खाणाऱ्याला लाल चट्टे, डोकेदुखी, उलट्या होतात. किनाऱ्यावरून इथवर येताना वाटेत बर्फ किती वेळा वितळला हे कळायला मार्ग नाही.

दळणाची अडचण

ही कोणी आधी सांगितली नव्हती. गावातल्या मसाल्याच्या गिरणीवाल्याने नकार दिला आणि त्याचं बरोबरच होतं. त्याच्याकडे माळकऱ्यांच्या घरची मिरची-हळद दळायला येते. घरगुती मिक्सरमध्ये लच्छे गरम होऊन चिकट होतात, वासही बदलतो. शेवटी २ एचपीचा छोटा पल्व्हरायझर (पूड करायचं यंत्र) घेतला, २४,००० रुपये. दळण्याआधी लच्छे ७० अंशांवर अर्धा तास तापवून पूर्ण गार करायचे आणि सकाळच्या कोरड्या हवेत दळायचे. दुपारी मशीन तापतं. दर दहा मिनिटांनी थांबवावं.

आमचं १ किलोचं प्रमाण असं ठरलं : मासळीची पूड ५०० ग्रॅम, टोमॅटोची २००, कांद्याची १२०, मीठ ८०, लसणाची ६०, सुकवलेल्या अळिंबीची ४०. सगळ्या पुडी सारख्याच बारीक हव्यात, नाहीतर पाकिटात मीठ तळाला बसतं.

मे ते जुलै : कागद

वार्षिक उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर तेव्हाच्या नियमाप्रमाणे अन्न सुरक्षेची साधी नोंदणी पुरायची, वर्षाला १०० रुपये. अर्ज फॉसकॉस या अन्न परवान्यांच्या सरकारी संकेतस्थळावर. फोटो, ओळखपत्र, जागेचा पुरावा आणि घोषणापत्र लागलं. आम्ही १३ मे रोजी अर्ज केला, एकदम पाच वर्षांचे ५०० रुपये भरून. २१ मे रोजी तो शंका लावून परत आला. आम्ही फक्त मसाल्याचा प्रकार निवडला होता. निम्मा घटक मासळी असल्याने मत्स्य उत्पादनांचा प्रकारही निवडायला हवा होता. दुरुस्ती करून पाठवला, मग जागा बघायला माणूस आला. साफ करायची जागा आणि पुडीची जागा वेगळी आहे का, पाणी कुठलं, हात धुवायची सोय, खिडक्यांना जाळ्या, एवढं पाहिलं. १९ जूनला नोंदणी हाती आली. शंका लागली की घाबरू नका, पण संकेतस्थळ रोज उघडून बघा. आमचे चार दिवस केवळ संदेश न वाचल्याने गेले.

पाकिटबंद विकायचं तर वजनमापे खात्याकडे पॅकर म्हणून वेगळी नोंदणी लागते, तेव्हा शुल्क ५०० रुपये होतं. हे आम्हाला लेबल छापायला देताना कळलं.

लेबलवर आमच्या दोन चुका छापण्याआधी पकडल्या गेल्या. पहिली म्हणजे ‘एमएसजी मुक्त’ हे शब्द. मासळीत आणि टोमॅटोत ग्लुटामेट नैसर्गिकरीत्या असतंच आणि प्रयोगशाळेतल्या तपासणीत ते दिसतं. त्यामुळे तो दावा अंगाशी येतो. दुसरी म्हणजे ‘नैसर्गिक मसाला’. अनेक घटकांच्या मिश्रणाला सरळ नैसर्गिक म्हणता येत नाही, ‘नैसर्गिक घटकांपासून बनवलेले’ असं लिहावं लागतं, तेही प्रत्येक घटक त्या व्याख्येत बसत असेल तर. मांसाहाराची खूण आता चौकटीत तपकिरी त्रिकोण आहे. जुन्या डिझाइनमध्ये गोल असतो, छापखानेवाले तोच टाकतात. मासळी हा ॲलर्जीचा घटक म्हणून वेगळा लिहायचा. एमआरपीबरोबर दर ग्रॅमची किंमतही छापायची.

एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत नमुना ३ जुलैला दिला. ओलावा, मीठ, एकूण जिवाणूसंख्या, ई. कोलाय आणि साल्मोनेला मिळून ५,२०० रुपये. १६ जुलैला अहवाल आला. ओलावा ११.८ टक्के, जिवाणूसंख्या जास्त. मासळीला दोष देऊन आम्ही अख्खा घाणा टाकायला निघालो होतो. मग घटक वेगवेगळे तपासून घेतले, आणखी १,४०० रुपये. मासळी स्वच्छ होती. गडबड कांद्यात होती. तो गच्चीवर उघड्यावर, कापडावर वाळवलेला होता, आणि पावसाची दमट हवा सुरू झाल्यावर त्याने पाणी ओढलं होतं. कांदा-लसूण मातीतून येतात, त्यांच्यासोबत जिवाणू येतात, आणि त्यांना उकळीचा चटका बसत नाही. आता कांद्या-लसणाचे काप ५ मिनिटं वाफवून मगच पेटीत जातात आणि पावसाळ्यासाठी जुना विजेचा १२ ट्रेचा ड्रायर घेतला, ४५,००० रुपये. दुसऱ्या अहवालात ओलावा ७.४ टक्के आला, बाकी सगळं मर्यादेत.

ड्रायरसाठी कर्ज काढणाऱ्यांना २०२४ मध्ये पीएमएफएमई (छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची) योजनेत ३५ टक्के अनुदान होतं, आणि बचत गटातल्या प्रक्रिया करणाऱ्या सदस्याला ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल मिळू शकायचं. आमचा प्रस्ताव तेव्हा बँकेत होता.

ऑगस्ट : वापर आणि हिशोब

मजुरी धरून मिश्रणाचा खर्च तेव्हा किलोला १,००० रुपयांच्या घरात गेला. सर्वांत मोठा वाटा मासळीचा नाही, साफ करण्याच्या मजुरीचा. १० किलोला चार जणींचा अर्धा दिवस लागतो. ५० ग्रॅमचं पाकीट ९५ रुपयांना ठेवलं. प्लास्टिकची पातळ पिशवी चालत नाही, ओल आत येते. आतून ॲल्युमिनियमचा थर असलेलं पाकीटच घ्यावं.

घरी वापरताना चार-पाच माणसांच्या डाळीला किंवा शेवभाजीच्या रश्शाला अर्धा चहाचा चमचा पुरतो. गॅस बंद करण्याच्या पाच मिनिटं आधी घालायची. फोडणीच्या तेलात टाकली की करपते आणि कडू होते. मीठ नेहमीपेक्षा कमी घालून सुरुवात करा. काळ्या मसाल्याच्या तिखट रश्शात तिचा फरक कमी जाणवतो, साध्या वरणात, भाज्यांच्या सूपमध्ये आणि भगरीच्या खिचडीत लगेच जाणवतो. बाटलीतला चमचा वेगळा ठेवा. घरात कोणी शाकाहारी असेल तर डबाही वेगळ्या फळीवर.

साठवलेल्या सुक्या लच्छ्यांत कधी बारीक काळे किडे होतात. दळण्याआधी लच्छे घट्ट पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये चार दिवस ठेवले की किडे आणि अंडी दोन्ही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर आत दव धरतं.

१० किलोतली चार किलोहून जास्त डोकी, आतडी आणि काटे उरतात. ते नदीत टाकू नका. वजनाइतकाच गूळ मिसळून झाकणाच्या ड्रममध्ये सावलीत ठेवा, झाकण जरा सैल, कारण वायू होतो. महिनाभरात तपकिरी पाणी सुटतं, ते गाळून लिटरला ३ ते ५ मिली या प्रमाणात पिकाला देता येतं. आमच्या शेजारचे केळीवाले जूनपासून तेच नेतात. ड्रमला कुजका वास आला तर गूळ कमी पडला असं समजून लगेच आणखी घालावा.